हेंककाकांची एक जागा

हेंककाकांनी आमच्या दारावरची बेल पहिल्यांदा वाजवली तेव्हा त्यांच्या हातात एकच लाल गुलाब होता, आणि दारात आम्ही दोघं उभे होतो, मी आणि मेघना. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि गुलाब तिच्या हातात देत म्हणाले, "घरटी एकच आहे. पूर्वी माणशी एक द्यायचो. पण पूर्वी माणसंही आम्हालाच मतं द्यायची."

मी मूळचा पुण्यातल्या कर्वेनगरचा. दारावर आलेल्या माणसाला आधी 'काय काम आहे' असं विचारायची आमच्याकडे पद्धत. तसं विचारल्यावर कळलं की गृहस्थ आमच्याच गल्लीत शेवटच्या घरात राहतात, वय पंचाहत्तर, आयुष्यभर बस चालवली, आणि आता, लाल गुलाब हे चिन्ह असलेल्या एका जुन्या डाव्या पक्षाच्या आमच्या गावातल्या शाखेचे चिटणीस आहेत. अध्यक्षही तेच होते. मागच्या वर्षी खजिनदार वारल्यापासून खजिनदारही तेच. "तिघांचं एकमत पटकन होत असेल," मी म्हटलं. ते गंभीरपणे म्हणाले, "नाही. चर्चा करावी लागते."

बोलणं डच आणि इंग्रजीच्या खिचडीत चाललेलं असायचं, मी इथं सरळ मराठीत लिहितोय. त्यांचा पहिलाच आग्रह असा की आम्ही त्यांना नुसतं 'हेंक' म्हणावं. मेघनाला ते काही जमेना. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला नावानं हाक मारायची म्हणजे तिच्या आईनं तिला फोनवरूनच फोडून काढली असती. मग तिनं त्यांचं 'हेंककाका' करून टाकलं. काका म्हणजे वडिलांचा भाऊ, असा अर्थ कळल्यावर त्यांना भलताच आनंद झाला. "पन्नास वर्षं पक्षात सगळे एकमेकांना भाऊ म्हणायचे," ते म्हणाले, "पण घरी जेवायला कुणी बोलावलं नाही."

तो गुलाब मेघनानं सवयीनं गणपतीला वाहिला. आठवड्यानं काका परत आले, पत्रकं घेऊन, आणि त्यांची नजर कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याकडे गेली. काका कट्टर नास्तिक. आता बुवा हे चिडणार, अशी माझी खात्री. ते देव्हाऱ्याजवळ गेले आणि खिशातून मोबाइल काढून त्यांनी फोटो घेतला. पुढच्या शाखा वार्तापत्रात तो छापून आला. खाली ओळ होती, 'आमच्या गुलाबाचं नव्या मतदारांकडून स्वागत.' गणपतीचा उल्लेख त्यांनी 'कुटुंबातील एक ज्येष्ठ सदस्य' असा केला होता.

काकांना दोन गोष्टींशिवाय जगता यायचं नाही, एक अजेंडा आणि दुसरं इतिवृत्त. आमच्याकडे चहाला आले तरी खिशात घडी घातलेला कागद. एक, मागच्या भेटीचा आढावा. दोन, मेघनाच्या शिकवण्या कशा चालल्यात. तीन, इतर विषय. मी मध्येच क्रिकेटबद्दल काही बोललो की हात वर करून मला थांबवत आणि म्हणत, "हे आपण तीनमध्ये घेऊ." आणि खरंच घेत. एकदा आमच्या दोघांत त्यांच्यासमोरच वाजलं. विषय होता, दिवाळीला पुण्याला जायचं की नाही. काका शांतपणे लिहीत होते. जाताना म्हणाले, "नोंद केली आहे. मतभेद कायम. पुढील बैठकीत घेणे." मेघनाला इतकं हसू आलं की भांडण तिथंच मिटलं.

हरण्याची त्यांना चांगलीच सवय होती. त्यांच्या घरी एका फळीवर नुसते पक्षाचे अहवाल होते. प्रत्येक पराभवानंतर वरून एक समिती नेमली जायची, समिती वर्षभर देशभर फिरायची आणि शेवटी सांगायची की आपण लोकांचं ऐकायला कमी पडलो. पुढच्या खेपेला आणखी कमी मतं पडायची, मग नवी समिती. "सगळ्यांत चांगला कुठला?" मी एकदा खवचटपणे विचारलं. काकांनी प्रामाणिकपणे एक जाडजूड अहवाल काढून दिला. "याची छपाई उत्तम आहे," म्हणाले. त्यांच्या शेजारच्या देशांतल्या भावंड-पक्षांचीही तीच कथा. जर्मनीतले कार्यकर्ते त्यांना ऐकायला शिकवायला आले होते, फ्रान्समधले ऐकायला यायचे होते, पण तोपर्यंत त्यांच्याकडे तिकिटापुरतेही पैसे उरले नाहीत.

एकदा हट्टानं मला शाखेच्या सभेला घेऊन गेले. मी झुइडासला, म्हणजे इथल्या काचेच्या ऑफिसांच्या भागात, एका कंपनीत काम करतो. तिथं दिवसभर मीटिंगाच असतात, तेव्हा मीटिंगला मी भीत नाही. पण हा प्रकार वेगळा होता. गल्लीतल्या समाजमंदिरात सात माणसं, सगळी निवृत्त. दोन प्राध्यापक, एक धोरण सल्लागार, एक दंतवैद्य बाई असे सगळे. कधीकाळी काम करून हात मळलेले एकटे काका. विषय होता, पत्रकात 'कामगार' हा शब्द ठेवायचा की काढायचा. धोरण सल्लागारांचं म्हणणं, तो शब्द जुनाट वाटतो. दंतवैद्य बाईंचं म्हणणं, काढला तर कामगार दुखावतील. दीड तास चाललं होतं. त्या वेळी कोपऱ्यात एक प्लंबर रेडिएटर दुरुस्त करत पालथा पडला होता.

कुणाच्या तरी लक्षात आलं की इथं एक खराखुरा आहे. सगळे एकदम त्याच्याकडे वळले. काकांनी त्याला रीतसर सभेपुढं बोलायची विनंती केली. तो बिचारा पाना हातात घेऊन उभा राहिला. "मी कामगार नाही हो, माझी स्वतःची कंपनी आहे. मी आणि माझी व्हॅन," तो म्हणाला. "मत मी त्याला देतो जो टीव्हीवर ओरडतो. माझ्या आजोबांनी तुम्हाला दिलं, बापानं दिलं. तुमच्याकडून कुणी घरी आलं नाही वीस वर्षांत. तो ओरडणाराही येत नाही, पण निदान ओरडतो तरी." दंतवैद्य बाईंनी त्याचे आभार मानले. सल्लागारांनी त्याला पुढच्या समितीसाठी आपला ईमेल द्यायला सांगितलं. काका एकटे उठून त्याच्याजवळ गेले आणि त्याचा पत्ता विचारला. तो शेजारच्या गावचा, म्हणजे दुसऱ्या शाखेच्या हद्दीतला निघाला, त्यामुळे नियमानुसार ते त्याच्याकडे जाऊ शकत नव्हते. त्या रेडिएटरचं पाणी मात्र गळायचं थांबलं होतं.

तर अशा शाखेची गेमेन्टेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, एकच जागा उरली होती. एके काळी निम्मं सभागृह त्यांचं होतं म्हणे. आता शेवटच्या रांगेत, कॉफीच्या यंत्राशेजारी, एक खुर्ची. तिच्यावर काका गेली बारा वर्षं बसत होते. दर गुरुवारी संध्याकाळी पांढरा शर्ट इस्त्री करून, सायकलला दप्तर अडकवून सभेला जायचे. बायको, योहाना, जाऊन पाच वर्षं झाली होती, मुलगी लांब उत्तरेला. त्या गुरुवारांवर काकांचा आठवडा उभा होता, हे गल्लीतल्या कुणालाही दिसत होतं.

निवडणूक जवळ आली तशी उमेदवारांची यादी करायची वेळ आली. इथं पक्षाची लांबलचक यादी असते. वरची दोन-चार नावं निवडून यायची, बाकीची नुसती भरती. आणि भरतीला माणूस नव्हता. काका आमच्याकडे अजेंडा घेऊन आले. एकच विषय, मेघना.

"इथं पाच वर्षं कायदेशीर राहिलेल्या परदेशी माणसाला गावच्या निवडणुकीत मत देता येतं आणि उभंही राहता येतं," त्यांनी समजावलं. मला हे माहीतच नव्हतं. माझी समजूत अशी की आपला या देशाशी संबंध फक्त टॅक्सपुरता. "मी एक नंबरवर, मेघना सर्वांत शेवटी. यादी भरलेली दिसेल. ती निवडून यायचा प्रश्नच येत नाही."

माझी पाचावर धारण बसली. इथं नोकरी करावी, सुखानं राहावं, कुणाच्या राजकारणात पडू नये, असं माझ्या वडिलांनी विमानतळावर तीनदा बजावलं होतं. पण मेघना म्हणाली, "अरे, त्यांना माणूस मिळत नाहीये. नाव तर द्यायचंय." आणि तिनं सही केली. मेघना इथं आली ती माझी डिपेंडंट म्हणून. नंतर तिनं घरी गणिताच्या शिकवण्या सुरू केल्या. आमच्या भागातल्या मराठी, तेलुगू, तमिळ, तुर्की, मोरोक्कन, झाडून सगळ्या घरांतली पोरं तिच्याकडून अपूर्णांक शिकून गेली आहेत. हे सगळं काकांना माहीत होतं. पण यादीत त्यांनी तिच्या नावापुढं नुसतं 'शिक्षिका' लिहिलं.

मग काकांनी आमच्या दिवाणखान्यात मतदान कसं करायचं याचा वर्ग घेतला. मेघनानं पोहे केले होते, पंचवीसेक माणसं आली. मतपत्रिका म्हणजे चांगली टेबलक्लॉथएवढी असते आणि खूण करायची ती लाल पेन्सिलीनं. "ही पेन्सिल लाल आहे," काका म्हणाले, "आमच्या पक्षाचं देशात एवढंच काय ते उरलं असेल." कुणाला विनोद कळला नाही.

मागून आमच्या मराठी मंडळाच्या पुष्करनं हात वर केला. हा पुष्कर व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळ-संध्याकाळ डाव्यांचा उद्धार करतो. "काका, एक नंबरलाच द्यायचं असतं का?"

दुसरा कुठलाही पुढारी असता तर 'हो' म्हणून मोकळा झाला असता. काका उठले. मेघनाच्या शिकवणीच्या फळ्यावर त्यांनी रीतसर आकृती काढली. पक्षाला जागा किती ते एकूण मतांवर ठरतं, पण त्या जागेवर कोण बसणार ते नावापुढच्या खुणांवर. खालच्या उमेदवारानं ठरावीक आकडा ओलांडला आणि वरच्यापेक्षा जास्त मतं घेतली, तर जागा त्याची. "लोकशाहीत तुम्ही ज्याला ओळखता त्याला मत द्या," त्यांनी समारोप केला. "पक्ष त्यासाठीच असतो." पुष्करनं आकृतीचा फोटो काढला. मी आयटीतला माणूस, गणितवालीचा नवरा, आणि ते गणित माझ्या डोक्यात शिरलं नाही. पोह्यांत मीठ कमी आहे, एवढंच माझ्या लक्षात आलं.

तो फोटो शंभर ग्रुपांत फिरला. खाली पुष्करनं लिहिलं होतं, 'आपली मेघनाताई! यादीत सर्वांत खाली, शोधायला सोपं!' पक्ष कुठला, त्याचं म्हणणं काय, कुणी विचारलं नाही. मतदानाच्या दिवशी, जन्मात कधी डावीकडे न बघितलेले आमचे सगळे मित्र डावीकडे मत टाकून आले आणि सेल्फी पाठवत बसले. तुर्की आया आल्या, मोरोक्कन आया आल्या. काका त्या दिवशी केंद्राबाहेर उभे होते. येणाऱ्या-जाणाऱ्या गर्दीकडे बघून त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "इतकी माणसं!" ते मला म्हणाले. "बघ, ऐकलं की लोक येतात."

पुढच्या आठवड्यात एका सकाळी गेमेन्टेच्या सभागृहात अधिकृत निकाल वाचायचा होता. काकांनी शाखेच्या वतीनं केक आणला होता, सात तुकडे होतील एवढा. महापौरांनी एकेका पक्षाची नावं वाचली. काकांच्या पक्षाला एक जागा. काकांनी माझा हात दाबला. आणि मग महापौरांनी चष्मा नीट केला, कागद जरा लांब धरला, आणि मेघनाचं संपूर्ण नाव वाचलं. वडिलांच्या नावासकट, प्रत्येक अक्षर चुकवत. काकांपेक्षा एक्केचाळीस मतं जास्त.

मी काकांकडे बघायचं टाळलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. काका उभे राहिले. मेघनाकडे गेले, तिचा हात हातात घेऊन हलवला, आणि केक कापून वाटायला लागले. सात तुकडे होते, माणसं नऊ होती. स्वतःच्या ताटलीत त्यांनी काही घेतलं नाही.

घरी येऊन मेघना ढसाढसा रडली. "मी नकार देते. त्या माणसाच्या घरात दुसरं आहे काय?" मीही लगेच हो म्हटलं. मला तर तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू. नियमही सोपा होता, तिनं पत्र लिहून जागा नाकारली की ती काकांकडे जाणार. पक्षाच्या वरच्या कार्यालयातून तेवढ्यात फोनही आला. एक गोड आवाजाचे गृहस्थ म्हणाले, विजय आनंदाचा आहे, मतदारांचं ऐकलंच पाहिजे, मात्र अनुभवाचाही विचार व्हावा. हा विजय नेमका कसा झाला ते तपासायला ते एक समिती नेमणार होते.

मेघनानं पत्र लिहिलं, वैयक्तिक कारणांमुळे मी ही जागा स्वीकारू शकत नाही. दुसऱ्या दिवशी काका आले. हातात अजेंडा नव्हता. तिनं पत्र त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, पेन काढलं, डचच्या दोन चुका दुरुस्त केल्या. झालं, मी मनात म्हटलं, घेतलं यांनी.

"हे तू का लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठी, काका."

"मग इथं तसं लिही ना. वैयक्तिक कारण कुठलं? हे खोटं आहे."

काकांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "मला ती खुर्ची हवी आहे," ते म्हणाले. "फार हवी आहे. काल मी घरी जाऊन शर्टाला इस्त्री केली आणि मग आठवलं की आता कशाला. आठवड्यात मला तेवढी एकच जागा होती जिथं माझी हजेरी लागायची." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण पन्नास वर्षं मी दारोदार जाऊन लोकांना सांगत आलो की मत द्या, त्यानं फरक पडतो. लोक हसायचे. आता लोकांनी दिलं आणि फरक पडला. आता मी परत दारोदार जाऊन सांगू, की तसा नाही, दुसरा फरक हवा होता?"

त्यांनी पत्राचे चार तुकडे केले, उठले आणि ते नेऊन आमच्या कागदाच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकले. टाकण्याआधी पत्राची टाचणी काढून वेगळी ठेवली. मेघनानं वाकून त्यांना नमस्कार केला. असं कुणी पाया पडलं की काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनीही वाकून तिला नमस्कार केला. दोघांची डोकी आपटली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला स्वतःची लाजही वाटली. मी फोन बघत असल्यासारखं केलं.

पुढचे काही महिने त्यांनी तिला तयार केलं. गठ्ठ्यानं कागद आणायचे, कुठल्या पानावर गोम आहे ते दाखवायचे. सभेला ते प्रेक्षकांच्या खुर्च्यांत बसायचे, पांढऱ्या शर्टात. नंतर गुडघे फारच दुखायला लागले आणि ते कायमचे उत्तरेला, मुलीजवळ राहायला गेले. फोन येतो अधूनमधून. पण माझ्या डोळ्यांपुढं काका येतात ते त्यांच्या इथल्या शेवटच्या गुरुवारचे.

त्या संध्याकाळी मीही मेघनाबरोबर गेलो होतो. कालव्यापलीकडच्या जुन्या भाड्याच्या इमारती पाडून तिथं महागडे फ्लॅट उभे राहणार होते. मेघनाचा प्रस्ताव साधा होता, निदान तिसरा हिस्सा घरं गरिबांना परवडतील अशी ठेवा. काकांचा जन्म त्याच इमारतींत झाला होता, हे मला त्या दिवशी शेजारी बसल्यावर त्यांनी सांगितलं. उजव्यांचा विरोध होताच. पर्यावरणवाल्या हिरव्या पक्षाला त्या फ्लॅटांच्या गच्चीवर झाडं मिळणार होती, त्यामुळे त्यांनी खेद व्यक्त करून विरोध केला. मेघना बोलली ती अडखळत, पण छान बोलली.

महापौरांनी विचारलं, "प्रस्तावाच्या बाजूनं कोण?"

मेघनाचा हात वर गेला. आणि माझ्या शेजारी, प्रेक्षकांत, काकांचाही. सरळ, कोपर न वाकवता, बोटं जुळवून. सभागृह वळून बघायला लागलं. कुणीतरी फिसकन हसलं. महापौर चांगल्या बाई होत्या, हळूच म्हणाल्या, "हेंक, तुला आता नाही करता येत."

काकांनी आपल्या हाताकडे बघितलं. कान लाल झाले. मी म्हटलं, खाली घ्या हो काका. त्यांनी मान हलवली. हात मात्र तसाच वर ठेवला.

बाईंनी क्षणभर वाट बघितली, मग समोरच्या कागदाकडे बघून मोठ्यानं नोंदवलं, "बाजूनं, एक."